दोन साच्यांची परीक्षा

ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें पौषी पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तेथील गुरांच्या बाजाराची ख्याति जुनी आहे. बैल घेणारा शेतकरी दांत पाहतो, खूर पाहतो, जनावर चालवून पाहतो, आणि मनांत एकच हिशेब धरितो कीं, हा आपल्या शेतांत चालेल काय? दुसऱ्याच्या काळ्या रानांत नांवाजलेला बैल आपल्या भाताच्या चिखलांतहि तसाच चालेल, असें तो गृहीत धरीत नाहीं. कारखान्यासाठीं यंत्रें निवडणाऱ्या उद्योगपतीपुढें तज्ज्ञांचे अहवाल असतात, विलायतेची साक्ष असते. परंतु हा साधा प्रश्न पुष्कळदां विचारावयाचा राहून जातो. जमशेटजी टाटा ह्यांनीं तो एकदां नीट विचारला व एकदां त्याचें उत्तर फार सोपें मानिलें. ह्या दोन प्रसंगांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पहिला प्रसंग नागपूरचा. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि आगगाडी दाराशीं आलेली, म्हणून जमशेटजींनीं मुंबई सोडून तें गांव पसंत केलें. १८७४ सालीं पंधरा लाखांच्या भांडवलानें कंपनी निघाली. १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीनें सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याच्या दिवशींच, गिरणी सुरू झाली व तीस ‘एम्प्रेस’ हें नांव मिळालें. व्यवस्थापक बेजनजी मेहता रेल्वेच्या नोकरींतून आलेले; त्यांस सुताचा गंध नव्हता. यंत्रांची बाजू लॅंकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी पाहत.

त्या काळीं सूत काततें तें ‘म्यूल’, अशी लॅंकेशायरची समजूत होती. १७७९ सालीं सॅम्युएल क्रॉम्प्टननें दोन जुन्या यंत्रांच्या संकरांतून तें निर्माण केलें, म्हणूनच त्यास खेचराचें नांव पडलें. त्याचा गाडा पुढें जातांना सूत ओढून पिळतो व मागें येतांना गुंडाळतो. दोन्हीं कामें आळीपाळीनें होतात, आणि त्यावर मुरलेला कारागीर लागतो. अमेरिकेंत जॉन थॉर्पनें १८२८ सालीं काढलेल्या ‘रिंग’ साच्यांत पीळ देणें व गुंडाळणें हीं एकदमच चालतात. गति अधिक, आणि नवशिका मजूरहि थोड्या शिकवणीनें तो संभाळूं शकतो. मात्र धाग्यावर ताण अधिक पडत असल्यामुळें बारीक नंबराच्या सुतास लांब धाग्याचा, अर्थात् महाग, कापूस लागतो.

लॅंकेशायरनें रिंगकडे पाठ फिरविली ती निव्वळ हट्टानें, असें सांगण्याची एके काळीं रीतच होती. १९६९ सालीं लार्स सँडबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञानें हिशेब मांडून प्रतिपादिलें कीं, बारीक सूत व हाताशीं असलेले कुशल कारागीर पाहतां म्यूल ठेवणें तेथें शहाणपणाचेंच होतें. विल्यम लेझॉनिक ह्यांनीं पुढें तें खोडण्याचा यत्न केला. तो वाद अर्थशास्त्र्यांनीं खुशाल चालू ठेवावा. आम्हांस येथें एवढेंच पुरे कीं, लॅंकेशायरचें उत्तर बरोबर असलें तरी तें लॅंकेशायरचें होतें. नागपुरास कापूस आंखूड धाग्याचा, सूत जाडें, आणि कारागीर नवा, आज आला तर उद्यां येईलच असा भरंवसा नसलेला. १८८३ च्या सुमारास जमशेटजींनीं वाद न घालतां दोन रिंग साचे आणून आपल्याच गिरणींत, आपल्याच कापसावर, आपल्याच माणसांकडून चालवून पाहिले. अनुभव आल्यावर म्यूल हळूहळू निघाले. चरित्रकार ह्यास दूरदृष्टि म्हणतात. आमच्या मतें ह्यांत दृष्टि दूरची नसून अगदीं जवळची होती, आणि तीच दुर्मिळ. त्याच १८८३ सालीं ओसाका येथें निघालेल्या मोठ्या सूतगिरणीनें म्यूलच बसविले होते; जपानी गिरण्या रिंगकडे वळल्या त्या त्या दशकाच्या अखेरीस.

दुसरा प्रसंग कुर्ल्याचा. कुर्लें तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. १८८६ सालीं तेथील धरमसी गिरणी जमशेटजींनीं साडेबारा लाखांस घेतली व तिचें नांव ‘स्वदेशी’ ठेविलें. चात्यांची संख्या मोठी, इमारत मोठी, किंमत त्या मानानें थोडी. मोह पडण्यासारखाच सौदा होता. पण जनावराचे दांत झिजलेले होते. साचे जुनाट व मोडकळीस आलेले. ते दुरुस्त करण्यास किती पैसा व किती काळ लागेल, ह्याचा अंदाज साफ चुकला. ज्या पुरुषानें दोन साच्यांची परीक्षा घेतल्यावांचून नागपुरांत पाऊल टाकिलें नाहीं, त्यानेंच सबंध गिरणी स्वस्ताईवर घ्यावी, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. तथापि नव्या यंत्राविषयीं माणूस जितका साशंक असतो तितका तयार चालत्या धंद्याविषयीं नसतो, हें व्यवहारांत नेहमींच आढळतें. भागांची किंमत घसरली, पेढ्यांनीं हात आंखडला, आणि जमशेटजींस एम्प्रेस गिरणींतील स्वतःचे भाग विकून पैसा उभा करावा लागला. जुने साचे काढून कारखाना ताळ्यावर आणण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं, आणि त्या कामीं माणसें आणावीं लागलीं तीं नागपूरचीं.