सातबाऱ्याच्या सर्व्हरवर कुणाला काय करता येतं? लॉगिन आणि अधिकारांची सोपी माहिती

देवळा : पूर्वी सातबारा तलाठ्यांच्या दप्तरात असायचा, आता तो सर्व्हरवर असतो. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची माहिती साठवणारा मोठा कॉम्प्युटर. मग कुणीही त्यात शिरून आपल्या जमिनीवरचं नाव बदलू शकतो का? हा प्रश्न बरेच शेतकरी विचारतात, म्हणून ही माहिती.

कुणाला किती अधिकार?

ई-फेरफार प्रणालीत प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं आणि कामही ठरलेलं असतं.

• नागरिक : सातबारा फक्त बघता येतो. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून काढता येतो. बदल काहीच करता येत नाही.
• दुय्यम निबंधक : खरेदीखताची नोंदणी करतात. त्याची माहिती ऑनलाइन महसूलकडे जाते.
• तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) : फेरफाराची नोंद घेतात, नोटीस काढतात. नोंद मंजूर करणं त्यांच्या हातात नाही.
• मंडळ अधिकारी : नोंद तपासून प्रमाणित करतात किंवा रद्द करतात.
• तहसीलदार : लिहिण्यातली चूक कलम १५५ खाली दुरुस्त करण्याचा आदेश देतात.

म्हणजे घराच्या एका कुलपाला दोन चाव्या, आणि त्या दोघांकडे. एकट्याला काही करता येऊ नये म्हणूनच ही रचना आहे.

मग धोका कुठं?

धोका दोन ठिकाणी असतो. पहिला सर्व्हरमध्येच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेत घुसखोरी केली. खात्यात पैसे आहेत की नाही हे न बघताच मंजुरी जात राहिली. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींवर रक्कम गेली.

दुसरा धोका माणसाच्या सवयीचा. आमच्या भागातल्या एका संस्थेत मी स्वतः पाहिलं, साहेबांचा पासवर्ड कॉम्प्युटरला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. सहीचा पेनड्राइव्हही मशीनलाच लावलेला. साहेब बाहेरगावी आणि काम तिसराच करत होता. अशा वेळी दोन्ही चाव्या एकाच खिशात गेल्या, तर रचना चांगली असून उपयोग नाही. शिवाय रेकॉर्डवर नाव साहेबांचंच येतं.

शेतकऱ्यांनी काय करावं?

१. दोन-तीन महिन्यांतून एकदा आपला सातबारा आणि आठ-अ उघडून बघा. नाव, क्षेत्र आणि इतर हक्कातला बोजा तपासा.

२. महाभूमीच्या 'आपली चावडी' पानावर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

३. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाच सांगू नका. सेतू केंद्रात काम करून घेताना ओटीपी स्वतः टाका.

४. दुसऱ्याच्या मोबाइलवर लॉगिन केलं असेल तर निघताना लॉगआउट करा.

५. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

कांद्याचा भाव आपल्या हातात नाही, पण उताऱ्यावर नजर ठेवणं आहे. आज संध्याकाळी पाच मिनिटं काढून आपला गट नंबर टाकून बघाच.