परीक्षेची मैफल

संगीताच्या पदवीपरीक्षेंत विद्यार्थ्यानें काय गावें, कोणत्या क्रमानें गावें आणि किती वेळ गावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या पोटांत सव्वाशे वर्षांचा एक वाद दडलेला आहे.

एकट्या कलावंतानें सारा कार्यक्रम करावा, ही प्रथा युरोपांतही फार जुनी नाहीं. 1840 सालीं लंडनमध्यें फ्रान्झ लिस्ट यानें आपल्या पियानोवादनास 'रिसायटल' हें नांव दिलें तेव्हां तें लोकांस चमत्कारिक वाटलें. कारण पठण व्हावयाचें तें काव्याचें! त्यापूर्वीं तीनच वर्षें क्लारा वीक हिनें बर्लिनमध्यें पुढ्यांत कागद न ठेवतां बेथोव्हेन वाजविला, तर तिच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका आला. आज पियानोच्या पदविकेस बसणारा विद्यार्थी बाख, बेथोव्हेन, शोपां अशा निरनिराळ्या काळांतील रचना निवडतो. त्याचा प्रत्येक स्वर मात्र आधींच छापलेला असतो.

ख्यालगायकाजवळ असा कागद नसतो. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ग्वाल्हेरची गायकी शिष्यांस दिली ती समोर बसवून. गुरूनें शिष्यास आपल्यामागें तंबोऱ्यावर बसवावें आणि एके दिवशीं पुढें बसवावें, हीच त्या काळची पदवी.

त्याच बुवांचे शिष्य, कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर, यांनीं ही चाकोरी मोडली. 5 मे 1901 रोजीं त्यांनीं लाहोरांत गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें, व 1908 सालीं मुंबईंत. वर्ग आले, क्रमिक पुस्तकें आलीं, स्वरलेखन आलें, आणि त्यांच्या पाठोपाठ परीक्षाही आली. गवई तयार करण्याइतकेंच जाणते श्रोते तयार करणें हें त्यांना महत्त्वाचें वाटे. घड्याळ लावून गाण्याची पारख होत नाहीं, हा यावरचा आक्षेप अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं. तथापि गुरुगृहीं राहण्याची सोय नसलेल्या मुलामुलींस, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतील मुलींस, गाण्याचें दार उघडलें तें या वर्गांनींच. 1931 सालीं विष्णु दिगंबर निवर्तले. त्याच वर्षीं त्यांच्या शिष्यांनीं अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारलें, आणि विशारद, अलंकार या पदव्या गांवोगांव पोहोंचल्या.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गांवांतील विद्यार्थी विशारदास बसतो तेव्हां त्यास प्रश्नोत्तरांखेरीज मंचप्रदर्शनही करावें लागतें. येथें खरी कसोटी हिशेबाची. अतिविलंबित एकतालाचें एक आवर्तन सुमारें मिनिटभर चालतें. म्हणजे अर्ध्या तासांतून द्रुत ख्याल आणि शेवटचें भजन वजा जातां बढतीस पंधरा-वीस आवर्तनेंच उरतात. तेवढ्यांत मंद्रापासून तार षड्जापर्यंत चढावयाचें, तर आलाप नेमके हवेत. ग्वाल्हेरची किंचित् चढी विलंबित लय अशा वेळीं फार उपयोगी पडते. ती तबलजीबरोबर आधींच पक्की केलेली बरी.

रागाची निवड त्याहून नाजूक. परीक्षा सकाळीं असेल तर यमन कितीही घोटलेला असला तरी तोडी किंवा भैरव तयार हवा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. भेद उरतो तो वादीचा, चलनाचा व सप्तकाचा. भूप आणि देशकार यांचेंही तसेंच. मारवा मांडल्यावर परीक्षकानें अकस्मात् पूरिया मागितला, तर घोटलेल्या ताना उपयोगी पडत नाहींत. धैवतावरून उठून गांधार-निषादांवर विसावणारा गळाच लागतो.