तैपेई १०१

तैवानच्या राजधानीतील १०१ मजली, ५०८ मी. उंचीची कार्यालयीन गगनचुंबी इमारत. तैपेई शहराच्या शिन्यी भागात ती उभी असून जमिनीखाली तिला पाच तळघरे आहेत. ३१ डिसेंबर २००४ रोजी ती खुली झाली. जगातील सर्वांत उंच इमारतीचा मान तिने क्वालालंपूरच्या ४५२ मी. उंच पेट्रोनास मनोऱ्यांकडून घेतला आणि ४ जानेवारी २०१० रोजी दुबईतील बुर्ज खलिफाचे उद्घाटन होईपर्यंत तो तिच्याकडे राहिला. तिचे खरे मोल मात्र ती कुठे उभी आहे यात आहे. दरवर्षी येणारी टायफून वादळे, वरचेवर बसणारे भूकंपाचे धक्के आणि पायाखालची मऊ माती, या तिन्हींना एकाच वेळी पुरे पडेल असा आराखडा येथे करावा लागला.

आराखड्यातील पेच : उंच इमारतीला वारा आणि भूकंप अगदी उलट गोष्टी मागतात. वाऱ्यात इमारत फार हलू नये म्हणून ती ताठ हवी. नाहीतर वरच्या मजल्यांवर काम करणाऱ्यांना गरगरते, दारे-खिडक्या कुरकुरतात, भिंतींना तडे जातात. भूकंपात मात्र जमीनच हलते. त्या वेळी ताठ आणि जड इमारतीवर जास्त बल येते. थोडी नमणारी, वाकूनही न तुटणारी इमारत निभावून जाते. वास्तुरचनाकार सी. वाय. ली यांच्या कंपनीने इमारतीला रूप दिले, तर सांगाड्याची जबाबदारी तैवानमधील एव्हरग्रीन कन्सल्टिंग इंजिनिअरिंग आणि अमेरिकेतील थॉर्नटन टोमासेटी या अभियंता-संस्थांनी उचलली. पाया, खांब, तुळया, कोपरे आणि माथ्याजवळचा लंबक या सगळ्यांतून त्यांनी हा एकच पेच सोडवला आहे.

पाया : तैपेई शहर एका खोऱ्यात वसले आहे. वरचा थर मऊ चिकणमातीचा आणि खडक बऱ्याच खोलीवर. त्यामुळे मनोऱ्याखाली सुमारे १.५ मी. व्यासाचे ३८० काँक्रीट पाइल उतरवले गेले. ते जमिनीखाली सुमारे ८० मी. खोलवर जाऊन खडकात रुतले आहेत. त्यांच्या डोक्यांवर जाड काँक्रीटचा राफ्ट आहे. मनोऱ्याचे वजन तो सगळ्या पाइलांवर वाटून देतो. तळघरांसाठी खोदताना आजूबाजूची माती आणि भूजल आत येऊ नये म्हणून जागेभोवती आधी जमिनीत खोल काँक्रीटची भिंत घातली गेली आणि मग आतली माती काढली गेली.

सांगाडा : इमारतीच्या मध्यभागी लिफ्ट, जिने, पाणी आणि वीजवाहिन्या सामावणारा गाभा असून त्यात पोलादी खांबांच्या चार रांगा, म्हणजे एकूण १६ खांब आहेत. बाहेरच्या चारही बाजूंना प्रत्येकी दोन, असे आठ महाखांब आहेत. तळाशी प्रत्येक महाखांब सुमारे ३ मी. लांब व २.४ मी. रुंद अशी पोलादी पेटीच आहे. ६२ व्या मजल्यापर्यंत या पेट्यांत उच्च-शक्तीचे काँक्रीट भरलेले आहे. पोलाद ताण सोसते आणि न तुटता वाकते. काँक्रीट कमी खर्चात ताठपणा आणि वजन पेलण्याची ताकद देते. खाली भार जास्त, म्हणून तिथे दोन्ही. वर भार उतरत जातो, म्हणून तिथे रिकामी पेटी पुरते.

गाभा आणि महाखांब वेगवेगळे उभे राहिले असते, तर गाभा वाऱ्यात एकटाच वाकला असता. म्हणून साधारण आठ मजल्यांच्या अंतराने, यंत्रसामग्रीच्या मजल्यांवर, आउटरिगर नावाच्या भक्कम पोलादी कैच्यांनी दोन्ही एकमेकांना बांधले आहेत. वारा एका बाजूने रेटतो तेव्हा त्या बाजूचे महाखांब ताणले जातात, पलीकडचे दाबले जातात आणि इमारतीची पूर्ण रुंदी त्या रेट्याला तोंड देते.

तुळया आणि खांब यांच्या सांध्यांत या रचनेतील सर्वांत सूक्ष्म विचार दिसतो. १९९४ साली कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज भूकंपात अनेक पोलादी इमारतींचे वेल्डिंग केलेले सांधे तडकल्याचे आढळले. सांध्यावरच सगळा ताण एकवटला की पोलादाला वाकायला वावच उरत नाही, हा त्यातला धडा होता. तैपेई १०१ मध्ये महत्त्वाच्या तुळयांच्या पट्ट्या सांध्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही कडांनी गोलाईत कापून मुद्दाम अरुंद केल्या आहेत. मोठ्या भूकंपात तुळई त्या अरुंद जागी वाकेल, धक्क्याची ऊर्जा तिथे जिरेल आणि वेल्डिंगचा सांधा शाबूत राहील, अशी ही योजना आहे. सुमारे २,५०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या तीव्रतेच्या भूकंपातही इमारत कोसळू नये, हा निकष धरून हे सारे गणित मांडले गेले.

आकार आणि वारा : पायथ्याचा भाग वर निमुळता होत जातो. त्यावर प्रत्येकी आठ मजल्यांचे आठ खंड एकावर एक रचले आहेत. प्रत्येक खंड वर किंचित रुंदावतो. यात पॅगोडाचा आणि पेरापेराने वाढणाऱ्या बांबूचा भास होतो. आठ हा आकडा चिनी परंपरेत भरभराटीचा मानला जातो. बाहेरची काच निळसर-हिरवी व दुहेरी असून ती उन्हाची झळ बरीचशी अडवते.

या रूपातील एक बदल वाऱ्याने सुचवलेला आहे. चौकोनी मनोऱ्याच्या धारदार कोपऱ्यांवरून वारा सुटतो तेव्हा मागे आलटूनपालटून भोवरे तयार होतात आणि मनोरा वाऱ्याच्या दिशेला आडवा हेलकावू लागतो. प्रतिकृतीवर वातबोगद्यात चाचण्या घेतल्यावर प्रत्येक कोपरा आतल्या बाजूला पायऱ्यांसारखा कापण्याचे ठरले. त्यामुळे भोवऱ्यांची लय बिघडली आणि वाऱ्याचा भार सुमारे २५ टक्क्यांनी घटला. कोपऱ्यांत थोडी जागा गेली. तिच्या बदल्यात सगळ्या सांगाड्यावरचा भार कमी झाला.

लंबक : एवढे करूनही वरच्या कार्यालयांना जाणवेल इतके हेलकावे उरत होते. त्यावर उपाय म्हणून ८७ ते ९२ या मजल्यांच्या दरम्यान ६६० टन वजनाचा, ५.५ मी. व्यासाचा पोलादी गोळा जाड तारदोरांनी टांगला आहे. अभियंते त्याला ट्यून्ड मास डँपर म्हणतात. एवढा गोळा सबंध वर नेणे क्रेनच्या ताकदीबाहेरचे होते, म्हणून १२.५ सेंमी. जाडीच्या ४१ चकत्या वर चढवून तिथेच एकमेकींना वेल्ड केल्या गेल्या. मधल्या चकत्या मोठ्या, वर-खाली लहान होत गेलेल्या. जवळून पाहिल्यास गोळ्यावर त्यांचे थर स्पष्ट दिसतात.

लंबकाचा झोका किती वेळाचा असेल हे त्याच्या वजनावर अवलंबून नसते, दोराच्या लांबीवर असते. या इमारतीचा एक हेलकावा सुमारे सात सेकंदांचा. जेमतेम १२ मी. लांबीचा लंबकही तेवढाच वेळ घेतो, म्हणून पाच मजल्यांच्या उंचीत तो मावला. इमारत एका बाजूला झुकू लागली की गोळा जडत्वामुळे मागे राहतो आणि तिला उलट ओढतो. झोपाळा पुढे निघाला असताना कोणी तो मागून धरावा, तसा हा परिणाम. गोळ्याला जोडलेले तेलाचे जाड दट्टे ही गती उष्णतेत रूपांतरित करतात. यामुळे हेलकावे सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात. माथ्यावरच्या शिखराला वाऱ्याच्या सततच्या कंपांनी थकवा येऊ नये म्हणून तिथे आणखी दोन छोटे डँपर आहेत. ८ ऑगस्ट २०१५ रोजी सौदेलोर टायफूनमध्ये मोठा गोळा सुमारे १ मी. सरकला, तोवर त्याची एवढी हालचाल कधी नोंदली गेली नव्हती.

बांधकाम : कामाला १९९९ मध्ये सुरुवात झाली. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला तैवानच्या मध्यभागात विनाशकारी भूकंप झाला आणि त्यात २,४०० च्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. ३१ मार्च २००२ रोजी पुन्हा मोठा धक्का बसला. तेव्हा मनोरा अर्ध्याहून वर चढला होता. त्याच्या माथ्यावरच्या दोन टॉवर क्रेन कोसळून पाच जण ठार झाले. तपासणीत मनोऱ्याचा सांगाडा सुरक्षित आढळला आणि काम पुन्हा सुरू झाले. पुरी झालेली इमारत आणि चढती इमारत यांत फरक असतो, हे या दुर्घटनेने दाखवले : सांगाड्यासाठी केलेले भूकंपाचे गणित त्यावर उभ्या केलेल्या तात्पुरत्या यंत्रांनाही लागू करावे लागते. उंच इमारतीच्या इतिहासात या पाच जणांची नोंद उंचीच्या आकड्याइतकीच आवश्यक आहे. २००३ मध्ये शिखर बसवून मनोऱ्याने पूर्ण उंची गाठली. त्याच वर्षी पायथ्याचे बाजारसंकुल खुले झाले.

अंतर्गत वाहतूक : उंच कार्यालयात लिफ्टच फार जागा खातात. प्रत्येक मजल्यासाठी तळापासून स्वतंत्र लिफ्ट दिली तर खालच्या मजल्यांवर कार्यालयांना जागाच उरत नाही. म्हणून येथे एकावर एक दोन खण असलेल्या दुमजली लिफ्ट आहेत. ३५-३६ आणि ५९-६० या मजल्यांवर बदलीची दालने आहेत. तिथे उतरून पुढची लिफ्ट पकडायची. पाचव्या मजल्यावरून ८९ व्या मजल्यावरच्या प्रेक्षकदालनात नेणारी तोशिबा कंपनीची लिफ्ट मिनिटाला १,०१० मी. या वेगाने ३७ सेकंदांत वर पोचते. कानात दडे बसू नयेत म्हणून तिच्या आतला हवेचा दाब हळूहळू बदलला जातो.

पुढील वाटचाल : वीज आणि पाण्याच्या वापरात सुधारणा केल्यानंतर २०११ मध्ये इमारतीला लीड प्लॅटिनम हे पर्यावरणस्नेही बांधकामाचे प्रमाणपत्र मिळाले. जुन्या इमारतीचा कारभार बदलूनही पुष्कळ साधता येते, याचा हा मोठा दाखला आहे. ३ एप्रिल २०२४ रोजी ह्वालिएनजवळ, त्याआधीच्या पंचवीस वर्षांतील तैवानचा सर्वांत तीव्र भूकंप झाला. त्यातही मनोऱ्याला धोका पोचला नाही.

मूल्यमापन : उंचीत तैपेई १०१ ला अनेक इमारतींनी मागे टाकले आहे. भूकंपप्रवण आणि वादळी प्रदेशात उंच बांधणाऱ्यांसाठी मात्र तिचा अभ्यास अजून आवश्यक आहे. महाखांबांत काँक्रीट भरणारे अभियंते तुळया कापून नाजूक करतात. ताकद कुठे वाढवायची आणि कुठे मुद्दाम कमी ठेवायची, हा निर्णय त्यांनी सांध्यागणिक घेतला. इतर इमारतींत डँपर सहसा बंद खोलीत असतो. येथे तो सोनेरी रंगवून प्रेक्षकांसमोर टांगला आहे, त्यामुळे इमारत सुरक्षित कशी राहते हे शाळकरी मुलांनाही डोळ्यांनी पाहता येते. लोक ज्या इमारतींत राहतात आणि काम करतात त्यांचे स्थैर्य त्यांना समजेल असे उघडे ठेवणे, हा पायंडा इतर शहरांनीही घ्यावा असा आहे.