भूसंपादन, भंडारा जिल्ह्यातील

सार्वजनिक प्रयोजनासाठी खाजगी जमीन सक्तीने ताब्यात घेण्याचा शासनाचा अधिकार व वैनगंगेच्या खोऱ्यातील त्याचा वापर. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही, एवढेच अनुच्छेद 300अ चे संरक्षण उरले. 1894 चा भूसंपादन अधिनियम आणि त्याच्या जागी 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेला कायदा, दोन्ही प्रयोजनाची छाननी मुख्यतः जमीन घेताना करतात. प्रयोजन पुढे पार पडले का, हे विचारणारी व्यवस्था दुबळी आहे, आणि भंडाऱ्यात ही उणीव ठळक दिसते.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन पंतप्रधान राजीव गांधी यांनी 22 एप्रिल 1988 रोजी केले. तेव्हाचा अंदाजित खर्च सुमारे 372 कोटी रुपये होता आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट होते. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, तरी कालव्यांची कामे रेंगाळतच राहिली. जुन्या कायद्याने मोबदला मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळे. वैनगंगेच्या पात्रात मासेमारी करणारे ढिवर, तिथेच डांगराच्या वाड्या लावणारे आणि शेतमजूर त्या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. 2013 मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांना सुमारे 1,200 कोटींचे विशेष पॅकेज दिले. भूमिपूजनानंतर 25 वर्षांनी ते द्यावे लागले, हीच मूळचा मोबदला अपुरा असल्याची सरकारी कबुली होय. एका खातेदाराने नकार दिला तर कालवा अडतो, म्हणून सक्ती हवी, हा आक्षेप खरा आहे. धानपट्ट्याला पाणी हवे, हेही खरे. पण ज्या पाण्यासाठी गाव उठले ते पिढीभर लांबले, तर विस्थापितांची झीज कोणत्या खात्यावर मांडायची?

साकोली तालुक्यातील मुंडीपार येथे प्रयोजन लांबले नाही, उभेच राहिले नाही. भारत हेवी इलेक्ट्रिकल्स (भेल) या सरकारी कंपनीच्या कारखान्यासाठी शेतजमीन घेतली गेली आणि 2013 मध्ये केंद्रीय मंत्री प्रफुल्ल पटेल यांच्या पुढाकाराने भूमिपूजन झाले. कारखाना आला नाही आणि शेतकरी जमीन परत मागू लागले. नव्या कायद्याचे कलम 101 पाच वर्षे पडीक राहिलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या भूमी बँकेत द्यायला सांगते. या ‘किंवा’मुळे निवड शासनाच्याच हाती राहते. त्यातच 2018 च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने 1961 च्या औद्योगिक विकास अधिनियमाखालील संपादन मोबदल्याच्या तरतुदी ठेवून केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर काढले. मोबदला दिला म्हणजे व्यवहार संपला, असे या व्यवस्थेचे समर्थक म्हणतात. तो व्यवहार राजीखुशीचा असता तर हे मान्य करता आले असते. सक्तीचे समर्थन मात्र प्रयोजनावरच उभे असते आणि प्रयोजन बुडाले की तेही बुडते. जमीन परत करणे अव्यवहार्य आहे, हा दुसरा आक्षेप सिंगूरने खोडला आहे: टाटांच्या मोटार कारखान्यासाठी घेतलेली सुमारे 1,000 एकर जमीन परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2016 रोजी दिला, शिवाय मिळालेला मोबदला शेतकऱ्यांकडेच राहू दिला. म्हणून प्रत्येक निवाड्यात प्रयोजन आणि त्याची मुदत नोंदवावी, आणि मुदत उलटली की अर्जाविना जमीन परत करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर असावी.