करीमचा हिशोब बाकी आहे

दिवाळीनंतर पुतण्या धाडला आला, तेव्हा 'द फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन नुकताच आला होता. त्याने तो दोन रात्रींत संपवला आणि म्हणाला, "चाचा, मजा नाही आली. पहिल्यापासून पुन्हा बघू या का?" मग आम्ही दोघांनी तिन्ही सीझन ओळीने पाहिले. पहिला संपला तसा त्याने विचारलं, "करीमच्या घरी कुणी सांगायला गेलं का हो, की तुमचा पोरगा निर्दोष होता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधताच हा लेख झाला.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राज आणि डीके या जोडीची ही मालिका सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाली. मनोज बाजपेयींचा श्रीकांत तिवारी मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात राहतो, कर्जाचे हप्ते भरतो, बायकोपासून खरी नोकरी लपवतो आणि 'टास्क' नावाच्या गुप्तचर पथकात काम करतो. त्याचा जोडीदार जे. के. तळपदे. हा अस्सल मराठी वाटणारा तळपदे साकारलाय शारिब हाश्मी यांनी. मुसलमान नट तळपदे झाला आणि कुणालाच ते खटकलं नाही, हे मला फार आवडलं होतं.

पहिल्या सीझनचा कणा म्हणजे करीम. कॉलेजात शिकणारा, संतापलेला मुलगा. त्याचा बेत निषेधाचा होता, स्फोटाचा नव्हता. पथकाला संशय आला, पाठलाग झाला, गोळ्या सुटल्या. करीम आणि त्याचे मित्र मेले. नंतर कळलं की चूक झाली. पण जगाला सांगितलं गेलं की अतिरेकी मारले गेले. हिंदी पडद्यावर हेरकथेच्या नायकाच्या हातून अशी चूक घडलेली आणि ती त्याला छळतेय असं दाखवणं, हे धाडसाचं काम होतं.

या कथेमागे महाराष्ट्राचा इतिहास उभा आहे. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकलच्या सात डब्यांत स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला, शबे बरातच्या दिवशी, मालेगावात मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. मेलेले बहुतेक मुसलमान होते आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमानच. पुढे तपास सीबीआयकडे आणि मग एनआयएकडे गेला. 2011 मध्ये त्यांतल्या बहुतेकांना जामीन मिळाला आणि एप्रिल 2016 मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर एक जण हयात राहिला नव्हता.

रेल्वे स्फोटांच्या खटल्यात 2015 साली बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांतला एक 2021 मध्येच कोठडीत असताना वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही. म्हणजे कायद्याची लढाई अजून सुरू आहे. पण एकोणीस वर्षं कुणीच परत देणार नाही. आणि ज्यांची माणसं त्या लोकलमधून घरी आली नाहीत, त्यांना तरी काय मिळालं? चुकीच्या माणसावर रोखलेलं बोट खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडतं. संशयाचा तोटा एकट्या मुसलमानांचा नसतो, तो असा सगळ्यांचा असतो.

पहिल्या सीझनला हे कळलं होतं. म्हणून पुढच्या सीझनकडून अपेक्षा होती.

दुसरा सीझन जून 2021 मध्ये आला. करीमचं ओझं श्रीकांतच्या मनावर दिसतं, पण कथा चेन्नईकडे वळते. सामंथाची राजी ही तामीळ बंडखोर आहे. तिच्या चित्रणावर तमिळनाडूत मोठा आक्षेप घेतला गेला, राज्य सरकारने केंद्राकडे तक्रार केली. तरीही राजीला भूतकाळ आहे, जखम आहे. ती अशी का झाली हे आपल्याला कळतं. याच सीझनमध्ये श्रीकांतच्या मुलीला एक गोड मुलगा भेटतो, कल्याण. पुढे कळतं की तो कल्याण नाही, सलमान आहे आणि तिला पळवून नेण्यासाठीच जवळ आलाय. या सलमानला ना राजीसारखा भूतकाळ, ना जखम. त्याचं खरं नाव कळलं की प्रेक्षकाला आणखी काही सांगायची गरजच उरत नाही. ज्या मालिकेने करीम लिहिला, तिनेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी भीती जशीच्या तशी उचलली.

आणि नोव्हेंबर 2025 चा तिसरा सीझन? सात भाग, ईशान्य भारताची पार्श्वभूमी, जयदीप अहलावत यांचा जबरदस्त रुक्मा. पण धागे फार, गाठी सैल आणि शेवट अर्धवट. तरी त्यात एक सोन्यासारखी संधी होती. या वेळी श्रीकांत स्वतःच संशयित आहे. त्याचेच सहकारी त्याला शोधतायत, तो बायकोपोरांना घेऊन पळतोय. ज्याने संशयावरून गोळी चालवू दिली, तोच आज संशयाच्या टोकावर! इथे त्याला करीम आठवायला हवा होता. एखादं वाक्य, एखादी रात्र पुरली असती. पण मालिका पळत राहते. माझ्या मते या सीझनचं खरं अपयश वेगात नाही, या विसरण्यात आहे.

हे सगळं बोलून झाल्यावर पुतण्या बराच वेळ गप्प होता. तो शहरात शिकतो. यंदा खोली शोधताना दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर खोली "आत्ताच गेली" होती. हसत म्हणाला, "मित्र म्हणतात, फोनवर दुसरं नाव सांग. पण सांगितलं तर मी कल्याण झालो ना, चाचा?"

मी त्याला म्हटलं, बेटा, नाव आपलंच सांगायचं. खोली दोन दिवस उशिरा मिळेल.

मिळाली. आता चौथा सीझन आला की पुन्हा एकत्र बघायचं ठरलंय. करीमच्या घरी कुणी जातं का, ते बघायला.