तिवई, टीपॉय आणि उघडे लाकूड

नांदगाव खंडेश्वरच्या आमच्या जुन्या घरात ओसरीवर सागवानाचा एक बुटका टीपॉय होता. आजोबांनी गावातल्या सुताराकडून करून घेतलेला. जाडजूड फळी, चार चौकोनी पाय. ना कोरीवकाम, ना पॉलिश. घराची डागडुजी निघाली तेव्हा आम्हीच तो भंगारात काढला आणि काचेचा आणला. पुढे एका परदेशी लिलावाच्या सूचीत जवळजवळ तसाच, पण ओक लाकडाचा, टीपॉय पाहण्यात आला. त्याला 'ब्रूटॅलिस्ट' असे विशेषण लावलेले होते.

या शब्दाचे मूळ क्रौर्यात नाही. फ्रेंच भाषेत 'ब्रूत' म्हणजे कच्चे, संस्कार न केलेले. ल कॉर्बुझिए यांनी मार्सेय येथील १९५२ साली पूर्ण झालेल्या इमारतीत काँक्रीट गिलाव्याविना उघडे ठेवले; साच्याच्या फळ्यांचे ठसेही पुसले नाहीत. १९५५ साली रेनर बॅनहॅम या समीक्षकाने 'न्यू ब्रूटॅलिझम'वर निबंध लिहिला आणि ही संज्ञा रूढ झाली. द्रव्य झाकायचे नाही, जोड लपवायचे नाहीत, एवढाच तिचा आग्रह. लाकडी सामानाला हे नाव बहुतांशी मागाहून, बाजाराने दिले.

आपल्याकडे हा इतिहास चंदीगढमध्ये घडला. कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९५१ ते १९६५ तेथे राहिले. त्यांनी आणि यूली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी कचेऱ्यांसाठी साग आणि वेताचे साधे सामान आखले. ते स्थानिक सुतारांनी घडवले. पुढे ते मोडके ठरून गच्च्यांवर, आवारांत पडले आणि सरकारी लिलावांत कवडीमोलाने विकले गेले. युरोपातील व्यापाऱ्यांनी ते नेले. कारकुनांनी नोंदीसाठी त्यावर रंगवलेले खात्याचे क्रमांक तेथे अस्सलपणाचा पुरावा ठरले! केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या विक्रीला व निर्यातीला आळा घालणारा आदेश काढला, तो २०११ साली.

'टीपॉय' या शब्दाची कथाही अशीच आहे. आपल्या 'तिवई'ची बहीण असलेली हिंदुस्तानी 'तिपाई' इंग्रजांनी उचलली. 'टी' म्हणजे चहा असा समज तिला चिकटला आणि ती चार पायांची होऊन आपल्याकडे परतली. मूळचे तीन पाय कोणाला आठवले नाहीत.

आमच्या गावचे खंडेश्वराचे मंदिर हेमाडपंती आहे. या शैलीत चुन्यावाचून, दगडात दगड बसवून बांधकाम उभे राहते. दगड दगडासारखाच दिसतो. म्हणून यादवकाळ ब्रूटॅलिस्ट होता असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तेथे शिल्पांचेही वैभव आहे आणि प्रेरणा सर्वस्वी वेगळ्या आहेत. आमच्या सुतारालाही कोणते तत्त्वज्ञान मांडायचे नव्हते; मेळघाटामुळे साग या मुलखाच्या ओळखीचा आणि पॉलिशचा खर्च परवडणारा नव्हता, इतकेच. परंतु कारण गरिबीचे असले तरी घडण प्रामाणिक होती. ती ओळखायला आम्हाला परक्या सूचीतले नाव लागले, ही खंत आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी तरी नावाआधी वस्तू पाहायला हवी होती.

त्याच सुताराच्या हातचा एक चौरंग माळ्यावर सापडला. तो आता ओसरीवर आहे. त्याला पॉलिश करू नये, एवढे घरात सांगून ठेवले आहे.