आयांना विचारलेला प्रश्न

इस्पितळाच्या क्ष-किरण विभागाच्या दारावर एक पाटी हमखास असते: गर्भवती असाल, किंवा तशी शक्यता वाटत असेल, तर तंत्रज्ञांना आधी सांगा. ही सूचना आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती आली कशी, हे कोणी विचारत नाही. आम्हांला मात्र तिचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा वाटतो.

१९५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांना क्ष-किरणांची धास्ती नव्हती. जोड्यांच्या दुकानातसुद्धा मुलांची पावले क्ष-किरण यंत्रात ठेवून बूट नीट बसतो का ते पाहत. मग गर्भवतीच्या पोटाचे छायाचित्र घेण्यात काय वावगे? मूल आडवे आहे का, जुळे आहे का, आईची कटी पुरेशी रुंद आहे का, हे त्यावरून कळे. किरणांमुळे आनुवंशिक बदल घडतात, हे हर्मन म्युलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर दाखवले होते. त्यामुळे शास्त्रज्ञांना काळजी होती ती नातवंडा-पणतवंडांची. जे मूल त्या क्षणी पोटात होते, त्याचा विचार मागेच राहिला.

ऑक्सफर्डमध्ये डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट आणि संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ह्युइट मृत्यूच्या नोंदी तपासत होते. ल्यूकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, दगावणाऱ्या मुलांत दोन ते चार वर्षांची मुले विशेष होती. इतक्या कोवळ्या वयात रोग दिसतो, तर त्याचे मूळ जन्माआधी असेल का? स्ट्युअर्ट यांनी ठरवले की डॉक्टर जे विसरले असतील ते आयांना आठवत असेल. त्यांनाच विचारू या. पैसा जेमतेम एक हजार पौंड, आणि तो मिळाला लेडी टाटा स्मृतिनिधीतून. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्यूकेमियानेच वारल्या होत्या आणि पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी या रोगावरील संशोधनासाठी हा निधी उभारला होता. मुंबईच्या एका घरातल्या दुःखाचा धागा असा ऑक्सफर्डला जाऊन पोचला.

गावोगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत प्रश्नावली घरोघर गेली. इंग्लंड व वेल्समध्ये १९५३ ते १९५५ या काळात कर्करोगाने दगावलेल्या प्रत्येक मुलामागे त्याच वयाचे, त्याच भागातले एक निरोगी मूल निवडले आणि दोन्ही आयांना तेच प्रश्न विचारले. घरात मांजर, कोंबड्या होत्या का, मूल रंगीत पेये पीत असे का, असे बरेच काही त्यात होते. गरोदरपणी क्ष-किरण छायाचित्र काढले होते का, हा त्यांतलाच एक प्रश्न. सप्टेंबर १९५६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पहिले आकडे आले. दगावलेल्या ५४७ मुलांपैकी ८५ जणांच्या आईच्या पोटावर किरण पडले होते, तर तितक्याच निरोगी मुलांत हा आकडा ४५ होता.

आक्षेप लगेच आला. मूल गमावलेली आई मागचे सारे आठवून पाहते. जिचे मूल अंगणात खेळते आहे ती कशाला आठवेल? हा आक्षेप आम्हांला रास्तच वाटतो. खटकते ते पुढचे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे रिचर्ड डॉल यांनी सहकाऱ्यांसह १९६० मध्ये इस्पितळांच्या नोंदींवरून ३९,१६६ मुलांचा मागोवा घेतला. ल्यूकेमियाचे साधारण साडेदहा मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात नऊ झाले. संबंध नाही, असे अनेकांनी मानले. पण धोका दीडपटीच्या आसपास असता, तरी चौदा-पंधरा मृत्यूच दिसले असते. नऊ आणि पंधरा यांतला फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो, हे मोठ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना नाणी उडवून सहज दाखवता येईल.

१९६२ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमॅहन यांनी अमेरिकेतल्या ३७ प्रसूतिगृहांत जन्मलेल्या सात लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. येथे कोणाच्या स्मृतीचा प्रश्नच नव्हता. कर्करोगाचे मृत्यू सुमारे ४० टक्के अधिक निघाले. उरली एकच शंका: काही बिघाड होता म्हणूनच या स्त्रियांचे छायाचित्र काढले नसेल ना? तिचे उत्तर जुळ्यांनी दिले. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांवर जन्माआधी किरण पडले होते, तर एकट्याने जन्मलेल्यांत दहापैकी एकावर. आणि जुळ्यांच्या बाबतीत कारण बहुधा एवढेच, की ती जुळी होती. तरीही धोक्याची वाढ दोन्हीकडे सारखीच आढळली, असे १९७४ मध्ये मोल यांनी दाखवले. दरम्यान ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनी १९५८ पासून पुढे आणलेली श्राव्यातीत ध्वनीची, म्हणजे सोनोग्राफीची, पद्धत रुळत होती. क्ष-किरणांवाचून अडेनासे झाले.

१९९७ मध्ये सर्व पुराव्याचा आढावा घेऊन, गर्भाला मिळालेल्या १० मिलिग्रे मात्रेनेही बालपणीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असा निष्कर्ष रिचर्ड वेकफर्ड यांच्यासह ज्यांनी काढला ते खुद्द डॉलच होते. स्ट्युअर्ट तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या.

मूळ रोगच विरळ असल्याने ही वाढ म्हणजे अशा मात्रेमागे दर सतराशे मुलांत सुमारे एक जादा रुग्ण. छातीच्या छायाचित्रात गर्भापर्यंत पोचणारी मात्रा तर मिलिग्रेच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून क्षयाची शंका असलेल्या गर्भवतीने घाबरून छातीचे छायाचित्र टाळू नये. दारावरची पाटी वाचून तंत्रज्ञांना सांगावे आणि मग आत जावे.